अंगदुखी टाळण्याची शास्त्रोक्त पद्धत : झरी आवृत्ती

सर्वप्रथम आपण ‘क्रियाशील प्रौढ’ या व्याख्येत बसतो की नाही, याची खातरजमा करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. तलासरी तालुक्यातल्या झरीत आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत खाचरात उतरलेली बाई हा आठवड्याचा कोटा सोमवारी सकाळीच संपवते. उरलेले सहा दिवस ती निव्वळ आरोग्य कमावते, असा हिशेब निघतो. हिशेब खरा असता तर डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर एकही कंबर दुखली नसती आणि मुंबईच्या व्यायामशाळांनी आपले शिक्षक इथे शिकायला धाडले असते. तसे होत नाही, आणि का होत नाही याचा विचार शास्त्राने केला आहे. डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेली विसंगती अशी, की हौसेने केलेले श्रम प्रकृतीला मानवतात, पोटासाठी केलेले जड काम मानवतेच असे नाही, उलट कधी कधी बाधते. कारण म्हणून ते सांगतात, कामाचे श्रम तासन् तास चालतात, मध्ये दम खायला मिळत नाही आणि थांबायचे कधी हे काम करणाऱ्याच्या हाती नसते. प्रस्तुत मार्गदर्शन या शेवटच्या कलमापुरतेच आहे. बाकीचे सगळे उपाय दवाखान्यातल्या भिंतीवर टांगलेल्या तक्त्यात सापडतात.

त्या तक्त्यातला पहिला उपाय : वाकताना कमरेत वाकू नये, गुडघ्यात वाकावे, पाठ ताठ ठेवावी. वाचकाने हा प्रयोग पोटरीभर चिखलात करावा. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताच्या बोटांनी दोन-तीन काड्या सुट्या करून चिखलात खोचायच्या आणि एकेक पाऊल मागे सरकायचे. गुडघ्यात वाकले तर माणूस पाण्यात बसतो, म्हणून गुडघे जवळजवळ ताठ राहतात आणि घडी पडते ती कमरेत. असे पूर्ण ओणवे झाले की पाठीचे स्नायू काम सोडून देतात आणि भार मणक्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर आणि गाद्यांवर जातो. अस्थिबंध ताणात राहून हळूहळू सैल होतात. म्हणूनच पाठ वाकलेली असताना दुखते त्याहून जास्त, तासाभराने झटक्यात सरळ होताना धरते. यावरचा खरा उपाय साधा आहे : दर पंधरा-वीस मिनिटांनी उभे राहावे, कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे झुकावे, आणि अर्धा दिवस आवणी केली तर अर्धा दिवस बसून रोपे उपटावीत. उपायाला खर्च शून्य. फक्त आवणी उक्ती घेतली असेल, तर जी बाई उभी राहते तिची ओळ मागे पडते आणि मुकादमाची नजर तिच्याकडे वळते. तेव्हा हे कलम वाचून झाल्यावर कागद मुकादमाला द्यावा, मजुराला नव्हे.

इथे हमखास आक्षेप येतो, की या लोकांना सवय असते, त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. हा आक्षेप निम्मा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक आहे. आवणीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मांड्यांचे मागचे स्नायू आखडतात. हे दुखणे कामानंतर लगेच नव्हे, २४ ते ७२ तासांत शिगेला पोचते. त्याला लॅक्टिक आम्ल जबाबदार धरायची पद्धत आहे, पण ते बिचारे तासाभरात रक्तातून निघून जाते. दोष ताणाखाली लांबणाऱ्या स्नायूतंतूंना पडणाऱ्या सूक्ष्म भेगांचा. त्या भरून येतात, पुढच्या खेपेला तेच काम कमी दुखवते, म्हणून पावसाआधी आठ-दहा दिवस थोडे थोडे वाकायचे काम सुरू करावे हा सल्ला अगदी बरोबर आहे. पण सवय होते ती स्नायूला. गुडघ्यातली कूर्चा आणि मणक्यातली गादी यांना रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्या स्नायूइतक्या सहज सवय करून घेत नाहीत, अति ओझ्याखाली झिजतात. आमच्या आजीची कंबर कधी दुखली नाही असे जे सांगितले जाते, त्याचा अर्थ बहुधा एवढाच, की आजीला कुणी विचारले नाही.

आता विश्रांती. अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८मध्ये मुरगळलेल्या अवयवासाठी चार शब्दांचे सूत्र दिले : विश्रांती, बर्फ, दाब, उंची. जगभरच्या खेळाडूंनी ते पाठ केले. २०१४मध्ये मर्किन यांनी स्वतःच बर्फाचे कलम मागे घेतले, कारण बर्फाने ठणका थांबतो पण भरून येणे लांबते. म्हणजे ज्या पाड्यावर फ्रीज नव्हता तो पाडा छत्तीस वर्षे विज्ञानाच्या पुढे होता. उरली तीन कलमे. मुरगळलेल्या पायाला पट्टी बांधून तो उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवावा, एक-दोन दिवस भार टाळावा, मग सोसवेल तेवढे हळूहळू चालायला लागावे. हे वाचताना वाचकाने असे गृहीत धरावे, की त्या दोन दिवसांत हंडा आपोआप भरतो, मोळी आपोआप घरी येते आणि खाडा कापला जात नाही.

विश्रांती परवडत नाही म्हणूनच गोळी परवडते. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गुरांना दिले जायचे, मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेले, मूत्रपिंडे निकामी होऊन गिधाडे संपत आली आणि २००६मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणूस गिधाड नव्हे, त्याला ते पचते. पण उपाशी पोटी, घामाने अंगातले पाणी गेलेले असताना, रोज घेतले तर जठर आणि मूत्रपिंड दोन्ही तक्रार करतात. वीटभट्टीवर नेमकी हीच स्थिती असते. ‘शुद्ध जडीबुटी’च्या ज्या पुडीने दोन दिवसांत सांधे मोकळे होतात तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका जरूर घ्यावी. आणि थट्टा बाजूला ठेवून दोन गोष्टी : भातखाचरात काम करणाऱ्याच्या पोटऱ्या ठणकत असतील, सोबत ताप आणि डोळ्यांत लाली असेल, तर ती आवणीची अंगदुखी नसून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकतो. मालिश न करता त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. तरुण पोराचे हातपाय, छाती, हाडे वरचेवर असह्य दुखत असतील तर सिकलसेलची तपासणी करावी. पश्चिम भारताच्या आदिवासी पट्ट्यात तो आजार आहे, आणि अतिश्रम, थंडी, पाणी कमी पिणे यांनी त्याचा झटका येतो. अशा पोराला ‘आळशी’ म्हणणे हे निदान नव्हे.

एवढे सगळे सांगून झाल्यावर या परिसरात प्रत्यक्ष करून पाहिलेल्या एका उपचाराची नोंद राहते, आणि वैद्यकीय पुस्तकांत ती सापडत नाही. २३ मे १९४५ रोजी याच झरीत सुमारे पाच हजार वारली जमले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या परिषदेत ठरले, की वेठ करायची नाही आणि रोख बारा आणे रोजाशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही. त्याच साली पुढे गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. वेठीत हा दर शून्य असतो, म्हणजे किती कापले की पुरे याला उत्तरच नसते. दर ठरला की ते उत्तर मिळते : अमुक कापले, पोटापुरते झाले, विळा ठेवला. विळा चालवणाऱ्या खांद्याला वैद्यकात ‘भाराचे नियमन’ म्हणून जे सांगतात ते यापेक्षा वेगळे नाही. या उपचाराचे दुष्परिणामही नोंदवायला हवेत : ऑक्टोबरात तलवाडा इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले.

यावर कुणी म्हणेल की कंबरदुखीत राजकारण कशाला आणता. आणावे लागत नाही, ते तिथे आधीच असते. ओझ्याची मर्यादा हा प्रश्न वैद्यांनी एकट्यांनी कधीच सोडवला नाही. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ३४व्या कलमाने इजा होईल इतके वजन कामगाराला उचलायला लावू नये असे सांगितले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७मध्ये पुरुषासाठी ५५ किलोची शिफारस केली. महाराष्ट्राने १९६९मध्ये माथाडींसाठी वेगळा कायदा केला. हे सारे माणसाच्या मणक्याविषयीचे दस्तऐवज आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : रोज वाढला तरी माणूस जास्त कमाईसाठी जास्तच राबेल, मग दुखणे कमी कसे होणार? काही जण राबतील, खरे आहे. पण आपल्या मर्जीने जास्त राबणारा उद्या थांबू शकतो. दिवाळीनंतर उचल घेऊन वसई-भिवंडीच्या भट्टीवर गेलेले जोडपे थांबू शकत नाही. त्यांचा हिशेब हजार विटांवर चालतो, आणि उचल फिटेपर्यंत त्यांच्या पाठीची तारीख भट्टीमालकाच्या वहीत असते. तिथे पाठीचे व्यायाम शिकवायला जाणाऱ्याने आधी ती वही मागून बघावी, बाकी किती उरली आहे ते पाहावे आणि मग ठरवावे, की व्यायाम सकाळच्या थापणीआधी सांगायचे की रात्रीच्या भरणीनंतर.