रुमालाखालचा आकडा

मुरबाड आणि शहापूर हे ठाणे जिल्ह्यातील तालुके दुर्गम असल्याचे अहवालांतून अधूनमधून वाचायला मिळते. परंतु मोजदादीच्या दृष्टीने पाहिले तर इतका सुगम प्रदेश शोधूनही सापडणार नाही, कारण ज्या पाड्यावर रस्ता पोहोचायला दोन पिढ्या लागतात तेथे तक्ता पहिल्याच वर्षी पोहोचतो आणि भरून परतही येतो. येथे बाळाच्या दंडाचा घेर मोजला जातो, बैलाच्या कानात क्रमांक असतो, विहिरीच्या पाण्याला कार्ड मिळते, भाताच्या पिकाची लायकी पैशांत ठरते आणि धरणातले पाणी रोज सकाळी सहा वाजता मोजून मुंबईला कळवले जाते. या उद्योगाची दोन अंगे आहेत. पहिले माहिती संकलन, म्हणजे जगातील गोष्टी रकान्यात मावतील एवढ्या लहान करून लिहून घेणे. दुसरे दृश्यांकन, म्हणजे लिहून घेतलेले आकडे रंग, रेघा किंवा चित्रे यांच्या रूपाने अशा खुबीने मांडणे की पाहणाऱ्याला ते वाचण्याचे कष्ट पडू नयेत. आकडा हा साक्षीदार असतो आणि घडले ते सांगून तो बाजूला होतो, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. म्हसा परिसरातील लोकव्यवहार पाहिला तर साक्षीला बोलावलेला आकडा लवकरच घरचा कारभारी होऊन बसतो असे दिसते, आणि ही गोष्ट येथील गुरांच्या व्यापाऱ्यांना संख्याशास्त्रज्ञांच्या बरीच आधी कळली असावी असे मानायला जागा आहे.

मुरबाड-कर्जत रस्त्यावरील म्हसा या गावी पौष पौर्णिमेपासून म्हसोबाची, म्हणजेच खांबलिंगेश्वराची, यात्रा भरते आणि तीत घोंगड्या, भांडी, शेतीची अवजारे यांच्याबरोबर बैलांचा मोठा बाजार असतो. यात्रेला किती माणसे येतात याचा आकडा सांगणाऱ्याच्या गरजेप्रमाणे बदलतो: ज्याला बंदोबस्त मागायचा असतो तो त्यात भर घालतो, ज्याला जागेचे भाडे द्यायचे असते तो दुकानदार तोच आकडा निम्म्यावर आणतो, आणि बातमीदार या दोघांच्या भांडणात न पडता 'लाखो' या सर्वमान्य संख्येवर मुक्काम करतो. माणसांच्या बाबतीत इतका उदार असलेला हा बाजार बैलाच्या बाबतीत मात्र कमालीचा काटेकोर असतो. घेणारा प्रथम बैलाचे तोंड उघडतो, कारण दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येत असल्याने आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला असा वयाचा दाखला बैल स्वतःच्या तोंडात घेऊन हिंडत असतो, आणि त्यात खाडाखोड करणे त्याच्या मालकालाही सहसा जमत नाही. त्यानंतर अंगावरचे केसांचे भोवरे पाहिले जातात, ज्यांच्या जागेवरून घरधन्याचे भले होणार की वाटोळे हे ठरते. मग खूर, शिंगे, वशिंड आणि चाल. सरतेशेवटी तो बसका आहे का, मारका आहे का, की अंगचोर आहे, हे विचारले जाते, आणि विकणारा तिन्ही प्रश्नांना देवाची शपथ घेऊन नकार देतो. संकलनशास्त्रात यास प्रतिसादकाचा कल असे म्हणतात.

यानंतरची पायरी अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. दलाल आपल्या हातावर रुमाल किंवा पंचा टाकतो, त्याखाली घेणाऱ्याचा हात धरतो आणि बोटे दाबून भाव सांगतो. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच, आणि ते शेकड्यात की हजारात हे दोघांनाही बैलाकडे पाहून ठाऊक असते. वर तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा चालू राहतात, भोवती वीस माणसे माना उंचावून उभी असतात, आणि तरीही विसाराची रक्कम हातावर पडेपर्यंत भाव तिघांच्या पलीकडे जात नाही. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी जो कायदा केला, त्याचे काम गुरांच्या बाजारात एका पंचावर भागत आले आहे. या गुप्ततेमागे लाजेचा भाग नाही, धंद्याचा आहे. कारण एका जोडीचा भाव उघड झाला की तो पुढच्या प्रत्येक जोडीच्या शिंगांवर जाऊन बसतो, मग बैल पाहून भाव करण्याऐवजी भाव पाहून बैल करण्याची वेळ येते. दाखवलेला आकडा आणि झाकलेला आकडा हे मूल्याने सारखे असले तरी परिणामाने सारखे नसतात, हे तत्त्व येथे कोणत्याही विद्यापीठाच्या मदतीवाचून पाळले जाते.

या रुमालाला आता कानातल्या बिल्ल्याची सोबत आहे. बारा अंकी क्रमांकाचा हा पिवळा बिल्ला जनावराची सरकारी ओळख असून १ जून २०२४ पासून बिल्ल्याविना जनावराची बाजारात खरेदी-विक्री करू नये असे राज्य शासनाने ठरवले. २०२२ साली लम्पी चर्मरोगाने गुरांचे बाजार बंद पडले होते, त्यामुळे कोणते जनावर कोठून आले आणि त्याला लस टोचली आहे की नाही हे कळण्याची सोय असण्यात कोणाही शहाण्या माणसाला वावगे वाटणार नाही. बैल बसका आहे की नाही हे मात्र त्या बारा अंकांपैकी एकही अंक सांगत नाही, आणि म्हणून शेतकरी बिल्ला पाहून झाल्यावर पुन्हा तोंड उघडतोच. येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवणे भाग आहे. देशात पशुगणना १९१९ पासून होत आली असून ती २०१२ आणि २०१९ साली झाली व २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. माणसांची जनगणना २०११ नंतर झालेली नाही आणि पुढची १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून व्हायची ठरली आहे. याचा अर्थ म्हशाच्या बाजारात उभ्या असलेल्या बैलाविषयी शासनाची माहिती त्याच्या मालकाविषयीच्या माहितीपेक्षा ताजी असण्याचा पुष्कळ संभव आहे.

दृश्यांकनाचे उदाहरण म्हणून पावसाकडे वळता येते, कारण या भागात उन्हाळ्यात जमीन भाजून राब करण्यापासून आवणी उरकेपर्यंतची सगळी कामे पावसाच्या अंदाजावर लोंबकळत असतात. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला एक वाहन दिलेले असते. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला नवाने भागले की जी बाकी उरते तीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती यांपैकी एक जनावर निघते; बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर पाऊस मुबलक, कोल्हा किंवा मेंढा निघाला तर बेताचा. गणित किचकट, निष्कर्ष एका चित्रात, आणि चित्र असे की अक्षरशत्रूलाही कळावे, हे उत्तम दृश्यांकनाचे तिन्ही गुण या पद्धतीत आहेत. उणीव एवढीच की तिचा ढगांशी संबंध नाही. हवामान खात्याने आता जनावरांच्या जागी हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग दिले आहेत आणि त्यांचा ढगांशी खराच संबंध आहे, परंतु ग्रहण करणाऱ्या समाजाने दोन्ही पद्धती एकाच खुंटीला टांगलेल्या दिसतात. नारिंगी असताना ऊन पडले तर हवामान खात्याची टिंगल होते. हत्ती असताना ऊन पडले तर नक्षत्र अजून संपायचे आहे असे समजुतीने म्हटले जाते. लाल रंगाची वाट सर्वांत आतुरतेने कोण पाहत असेल तर ती शाळकरी मुले, कारण लाल म्हणजे बहुधा सुट्टी, आणि अशा सुट्टीच्या दिवशी ओढ्यावर खेकडे धरायला गेलेली पोरे हा त्या इशाऱ्याचा एक अनपेक्षित परिणाम मानावा लागतो.

पिकाच्या बाबतीत आकड्याचे कारभारीपण आणखी स्पष्ट होते. पैसेवारी, जिला जुनी माणसे आणेवारीच म्हणतात, म्हणजे गावाच्या पिकाचे प्रमाण उत्पन्नाशी केलेले गुणोत्तर. पूर्ण पीक म्हणजे रुपया असे धरून यंदाचे किती पैसे भरले हे तलाठी, सरपंच, कृषी सहायक आणि काही शेतकरी यांची समिती ठरवते, आणि ते आधी नजरेने, मग सुधारून आणि मग अंतिम असे तीनदा ठरते. पन्नास पैशांच्या आत आकडा आला की गाव टंचाईग्रस्त गणले जाऊन महसुलात सूट, परीक्षा शुल्काची माफी, वीजबिलात सवलत अशा गोष्टी दारात येऊ शकतात. एकावन्न पैसे झाले की तेच करपलेले भात कागदावर तरारून उठते. त्यामुळे एकाच खाचरातील एकाच भाताला तीन उत्पन्ने असतात. पहिले पैसेवारीच्या समितीसमोर, जेथे शेतकरी कणसाकडे पाहून सुस्कारा टाकतो. दुसरे कर्ज मागताना, जेथे तेच कणीस बरे भरलेले असते. आणि तिसरे मुलाच्या सोयरिकीच्या वेळी, जेथे पाहुण्यांसमोर खंड्यांनी भात मोजला जातो आणि शेजाऱ्याच्या वाट्याचे खाचरही बोलण्याच्या ओघात आपल्यात येऊन बसते. तिन्ही आकडे खोटे आहेत असे म्हणण्यात अर्थ नाही. विचारणारा पदरात काय घालणार आहे यावर उत्तर ठरते, एवढेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो घ्यावा लागतो व सातबाऱ्यावर तशी नोंद होते, त्यामुळे पीक कोणते याविषयी थापा मारणे अवघड झाले. ते किती याविषयीची प्रतिभा मात्र अबाधित आहे.

रंगांचा अंमल सर्वांत खोलवर रुजला तो अंगणवाडीत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाभोवती एक अरुंद पट्टी गुंडाळतात, ११.५ सेंटीमीटरच्या आत घेर भरला तर लाल, १२.५ पर्यंत पिवळा आणि त्यापुढे हिरवा रंग खिडकीतून दिसतो. मूल रडते, पट्टी ओढाताणीत सरकते, सेविका ती पुन्हा नीट बसवते, आई श्वास रोखून पाहते. इतकी स्वस्त, इतकी हलकी आणि इतकी उपयोगी वस्तू शासनाने क्वचितच गावात पाठवली असेल, आणि तिने वेळीच दाखवलेल्या लाल रंगामुळे मुले उपचाराला पोहोचतात हे निर्विवाद आहे. परंतु रंग एकदा घरात शिरला की तो पट्टीपुरता राहत नाही: बाळाने बाळसे धरले असे म्हणणाऱ्या आजीच्या घरात आता पोर हिरव्यात आल्याचे सांगितले जाते, आणि जावाजावांच्या अबोल्यामागे एकीचे हिरवे आणि दुसरीचे पिवळे असणे हेही कारण असू शकते. मोजणाऱ्या बाईलाही कोणीतरी मोजतच असते. २०२१ च्या मार्चमध्ये आलेल्या पोषण ट्रॅकर या ॲपात तिने किती मुलांची नोंद केली याचीही नोंद होते, आणि त्याच वर्षी राज्यभरातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल व इंग्रजी ॲपच्या निषेधार्थ सरकारी फोन परत करण्याचे आंदोलन केले. आकड्यांच्या इतिहासात मापकाने माप परत केल्याचा हा प्रसंग दुर्मीळ म्हटला पाहिजे.

ग्रामपंचायतीलाही असेच रंग असतात. पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून तिला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देतात आणि सलग पाच वर्षे हिरवे टिकून साथ आली नाही तर चंदेरी. कार्ड हिरवे राहावे म्हणून विहिरीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावच्या भाषेत टीसीएल, पडते. तिचा वास येतो म्हणून काही घरे त्या विहिरीकडे पाठ फिरवून ओढ्याकाठच्या डवऱ्याचे पाणी भरतात, ज्याला कोणतेच कार्ड नसते. विहीर हिरवी राहते.

पाण्याचा सर्वांत देखणा आलेख मात्र या तालुक्यांसाठी काढलेलाच नसतो. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांपैकी १८९२ साली बांधून झालेला तानसा आणि त्यांतला सर्वांत मोठा भातसा हे शहापूर तालुक्यातले. सातांची एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर असून त्यांपैकी ७,१७,०३७, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या भातसाचे. मुंबईतल्याच तुळशी तलावाचे अवघे ८,०४६. वर्तमानपत्रात हे सातही जलाशय सारख्याच आकाराच्या चौकटींत शेजारीशेजारी छापतात, त्यामुळे पावसाळ्यात इवलासा तुळशी भरून वाहू लागला की दादर-पार्ल्याच्या वाचकाला पाण्याची चिंता मिटल्याचे समाधान लाभते, वास्तविक साठ्यात अर्ध्या टक्क्याहून किंचित अधिक भर पडलेली असते. चौकटीतला टक्का खाली गेला की मुंबईकर गाडी धुवायचे पुढे ढकलतो, सोसायटीच्या सूचनाफलकावर बादलीने आंघोळ करण्याचे आवाहन लागते, आणि २०२४ च्या मे अखेरीस ५ व जूनमध्ये १० टक्के कपात झाली तेव्हा त्याची चर्चा लोकलच्या डब्यात सीटच्या चर्चेइतकी गंभीरपणे झाली.

शहापुरातील पाड्यांवर त्याच उन्हाळ्यात टँकर येतात. टँकरलाही जीपीएस लावलेला असतो, त्याच्या खेपा मोजलेल्या असतात, आणि तो कोठे आहे हे तालुक्याच्या ठिकाणी पडद्यावर दिसते. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांना ते दिसत नाही, पण चढावर गिअर बदलल्याचा आवाज ओळखून त्या पडद्याच्या आधी रांग लावतात. लग्नाची तारीख काढताना भटजींच्या मुहूर्ताबरोबर खेपेचा दिवस पाहण्याची रीत अशा गावांत पडू लागली तर तिला अंधश्रद्धा म्हणता येणार नाही. धरणातल्या पाण्याची अधिकृत खबर तालुक्यातील गावाला वर्षातून दोनदा लागते. एप्रिलच्या सुमारास टँकरच्या खेपांचे वेळापत्रक येते आणि जुलै-ऑगस्टात दरवाजे उघडणार असल्याने कोणीही नदीपात्रात उतरू नये असा इशारा येतो. आणि दोन्ही कागद ग्रामपंचायतीच्या एकाच फायलीत लागतात, कारण फायलीवर विषय म्हणून 'पाणी' एवढेच लिहिलेले असते.