जिलबी कोणाला?

आमच्या सोसायटीत ‘नेटवर्कमधलं कळणारा माणूस’ अशी माझी ख्याती आहे. सेक्रेटरींचा राउटर मी एकदा बंद करून चालू केला होता, तेवढ्या पुण्याईवर. त्यामुळे गणपतीत मंडपातली आरती क्लबहाउसमध्ये, वॉचमनच्या केबिनमध्ये आणि प्रत्येक विंगच्या लॉबीत टीव्हीवर दाखवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही.

प्रत्येक टीव्हीला वेगळी प्रत पाठवणं हे मला अडाणीपणाचं वाटलं. आपण मल्टिकास्ट करणार! 239 ने सुरू होणाऱ्या एका पत्त्यावर कॅमेऱ्याने चित्र एकदाच सोडायचं, ज्याला हवं त्याने घ्यायचं. सोडलं. टीव्हीवर बाप्पा झळकले आणि सोसायटीचं वाय-फाय आडवं झालं. साधा स्विच मल्टिकास्ट आलं की मागचापुढचा विचार न करता सगळ्या पोर्टांतून ओततो. त्यातून वाय-फायवर ते दूरच्यालाही पोचावं म्हणून अगदी मंद वेगाने जातं, 2.4 गिगाहर्ट्झवर बऱ्याचदा 1 मेगाबिटने. माझं चित्र होतं 8 मेगाबिटचं. घरून ऑफिस करणारी तरुण मंडळी त्या दिवशी पहिल्यांदाच आरतीला मंडपात आली. मला शोधत.

मग स्विचच्या सेटिंगमध्ये ‘आयजीएमपी स्नूपिंग’ चालू केलं. टीव्ही ‘मला हवंय’ असा निरोप सोडतो, स्विच तो वाटेत ऐकतो आणि त्या पोर्टापुरतंच चित्र सोडतो. वाय-फाय उठून बसलं. मी कॉलर ताठ केली.

सव्वाचार मिनिटं झाली नाहीत तोच आरती ऐन रंगात असताना टीव्ही गोठले. निरांजन हवेत, गुरुजींचा आ वासलेला. टीव्ही बंद करून चालू केला की चित्र परत यायचं, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने गोठायचं. मी रिमोट घेऊन या लॉबीतून त्या लॉबीत धावत होतो. बी विंगच्या काकू म्हणाल्या, “अहो, एवढे पळताच आहात तर आरतीचं तबकच घेऊन फिरा ना!”

शेवटी वरच्या मजल्यावरचा इंजिनियरिंगचा पोरगा आला. “काका, क्वेरियर कुठाय?”

“कुरियरवाला सकाळी येतो रे.”

त्याने कपाळाला हात लावला आणि मला पंगतीत बसवलं. यजमान फिरत फिरत विचारतो, “जिलबी कोणाला?” पानावरचा माणूस “इकडे!” म्हणतो, आणि वाढपी ते ऐकून वाढतो. स्विच हा वाढपी. यजमान म्हणजे क्वेरियर. तो साधारण दर 125 सेकंदांनी विचारतो. आमच्या पंगतीत यजमानच नव्हता. टीव्हींनी सुरुवातीला एकदा मागितलं, पुढे कोणी विचारलं नाही म्हणून ते बोलले नाहीत, आणि 260 सेकंदांनी वाढप्याने ठरवलं, मंडळी तृप्त झाली. मोठ्या नेटवर्कमध्ये हे काम मल्टिकास्ट राउटर करतो. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून स्विचलाच क्वेरियर करायला हवं होतं. पोराने एक खूण केली, पत्ता भरला, आणि आरती शेवटपर्यंत चालली. आयजीएमपी 1989 सालचं, म्हणजे या पोराच्या जन्माआधीचं. वाचायला मला वेळ भरपूर होता.

तुमच्या सोसायटीत असा बेत असेल तर स्नूपिंगबरोबर क्वेरियर चालू आहे ना, हे आधी बघा. मला मात्र विचारायला येऊ नका. समितीने यंदा मला चपलांच्या स्टँडवर बसवलं आहे.