कळंब्यातली सक्तमजुरी

कोल्हापुरात 'मी कळंब्याला असतो' म्हटलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. मध्यवर्ती कारागृह आमच्याच भागात, त्यामुळं 'तुरुंगाच्या बाहेर, तलावाच्या बाजूला' एवढं लगेच जोडावं लागतं. अलीकडं हे जोडताना माझी जीभ जरा अडखळते. घरात अँथुरियम क्रिस्टॅलिनम आल्यापासून सक्तमजुरी आम्हालाही लागू झाली आहे.

अँथुरियम म्हणजे सत्काराच्या गुच्छातलं ते चकचकीत लाल फूल, असं समजू नका. हा त्याच घराण्यातला, पण नुसत्या पानांवर मिजास करणारा. मूळ गाव पनामा-कोलंबियाकडची ओलीगच्च जंगलं. शास्त्रज्ञांच्या दप्तरी नोंद १८७३ची. हृदयाच्या आकाराचं मखमली पान, त्यावर पांढऱ्या चकाकत्या शिरा. ती मखमल शोभेची नाही बरं का. पानाच्या वरच्या थरातल्या पेशी फुगीर असतात आणि जंगलाच्या तळाशी झिरपणारा चिमूटभर उजेड त्या टिपून घेतात. उजेडाच्या बाबतीत इतका काटकसरी जीव बाकी सगळ्या बाबतीत मात्र संस्थानिक आहे.

माती त्याला चालत नाही, मुळांना हवा खेळती लागते. म्हणून मी अंगणात सालीचे तुकडे, कोळसा आणि नारळाची सोडणं मांडून बसलो होतो. आई दारात आली, बघितलं आणि म्हणाली, "झाड लावालायस का चूल पेटवालायस?"

पाणी पावसाचंच लागतं. नळाच्या जड पाण्यानं पानांची टोकं करपतात. त्यामुळं गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवून झाडाला, आणि नळाचं आम्हाला व पाहुण्यांना, अशी वाटणी झाली आहे.

पावसाळ्यात त्याची काही तक्रार नसते. जुलैत पापड सादळतात, घरात दोऱ्यांवर टाकलेले कपडे वाळायचं नाव घेत नाहीत, आणि त्या कुबट ओलाव्यात हा खुशीत नवं पान काढतो. खरी परीक्षा एप्रिलमध्ये. हवा कोरडी ठणठणीत होते आणि मी कुंडीभोवती ओल्या चादरी टांगतो. शेजारच्या वहिनींनी एकदा बायकोला हळूच विचारलं, "घरात कुणी अंथरूण ओलं करतंय व्हय?" तिनं माझ्याकडं बघितलं, आणि काहीच खुलासा केला नाही.

हा सगळा खटाटोप नव्या पानासाठी. ते येतं तेव्हा तांबूस, गुंडाळलेलं आणि इतकं पातळ असतं की नखाचा ओरखडाही कायमचा राहतो. ओलावा कमी पडला तर ते भोवतीच्या पातळ आवरणात अडकतं आणि सुटताना फाटतं. म्हणून त्या दिवसांत आम्ही गावातल्या लग्नांना आळीपाळीनं जातो. एक जण जेवायला, एक जण फवाऱ्याला. मग पान उलगडतं, तांबूसपणा हळूहळू जाऊन हिरवं होतं, शिरा उजळतात आणि मी आल्यागेल्याला हाताला धरून नेतो.

गारगोटीहून आलेल्या आत्तीलाही नेलं. तिनं सगळं शांतपणे बघितलं.

"फूल?"

मी दाखवलं. उंदराच्या शेपटीसारखा तो दांडा बघून तिनं 'देवाला चालणार न्हाई' असा निकाल दिला. मग पान खालून-वरून न्याहाळलं आणि आईला म्हणाली, "वैनी, वड्या चांगल्या हुतील की गं ह्याच्या."

पंचाईत अशी की आत्तीची वनस्पतिशास्त्रातली नजर अचूक होती. अळू, सुरण आणि हा कोलंबियाचा पाहुणा, सगळे एकाच कुळातले. घशाला खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक सगळ्यांकडं आहेत. फरक एवढाच की अळूला आपण उकडतो आणि चिंच घालून वठणीवर आणतो. ह्याला वठणीवर आणणारी चिंच नाही, तो खायचा नाहीच. आमच्या मोरीच्या पाण्यावर अळूचं बन माजलं आहे. त्याला कुणी चादर टांगत नाही, तरी त्याची पानं सुपाएवढी होतात.

तरीही कुणाला हे रोप घ्यायचंच असेल तर जूनमध्ये घ्या, म्हणजे जम बसवायला त्याला पुरा पावसाळा मिळतो. उन्हाची तिरीप लागणार नाही, पण उजेड येईल अशा खिडकीत ठेवा आणि मखमलीवरून बोट फिरवू नका. आणि घरी वड्या करणारं माणूस येणार असेल, तर कुंडी आधी वरच्या फळीवर चढवा.