आधी फिनेलची बाटली खाली ठेवा

मांजराच्या पिल्लानं गादीवर शू केली की घरात निकाल लगेच लागतो. ‘माजलंय.’ ‘मुद्दाम करतंय.’ ‘डूख धरलाय.’ मग त्याचं नाक त्या ओलीत घासायचं, पाठीत धपाटा घालायचा आणि तरी थांबलं नाही की पिशवीत घालून मासळी बाजारात सोडून यायचं. मासे मिळतील, जगेल, अशी स्वतःची समजूत काढायची. घरात वाढलेलं दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू तिथल्या बोक्यांपुढे आणि कुत्र्यांपुढे टिकेल कसं? हा शुद्ध क्रूरपणा आहे, आणि त्याची काही गरजही नसते.

पिल्लू सूड उगवत नाही. जन्मल्यावर पहिले तीनेक आठवडे तर त्याला आपलं आपण शी-शूसुद्धा करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. पुढे ते स्वतःच भुसभुशीत जागा शोधतं, उकरतं, बुजवतं. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. माणसानं फक्त बरी जागा द्यायची असते.

आणि दिलेली जागा कशी असते? बाल्कनीच्या टोकाला, वॉशिंग मशीनला खेटून ठेवलेला ट्रे. आत बसलेलं असताना मशीन एकदा धडधडलं की पिल्लू तिकडे फिरकत नाही. काठ इतका उंच की त्याला चढताच येत नाही. माती लव्हेंडरच्या वासाची, कारण तो वास माणसाला आवडतो. त्यात ती गुठळ्या होणारी असेल तर धोकाही आहे. तिच्यातलं बेंटोनाइट ओलं झालं की फुगतं, आणि लहान पिल्लं माती खाऊन बघतात. पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत गुठळ्या न होणारी, बिनवासाची मातीच वापरा. ट्रे बुटका, शांत कोपऱ्यात, खाण्याच्या ताटलीपासून लांब. नवं पिल्लू आधी एकाच खोलीत ठेवा. जेवल्यावर, झोपून उठल्यावर ट्रेमध्ये नेऊन सोडा. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त. वन बीएचकेत एवढे ट्रे ठेवायचे कुठे, हा प्रश्न पिल्लं आणण्याआधी विचारायचा असतो.

सगळ्यात मोठा राग फिनेलवर काढायला हवा. पिल्लानं घाण केली की पहिली बाटली तीच उघडते. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करायला मांजराचं यकृत फार दुबळं असतं. पुसलेल्या फरशीवरून पिल्लू चालतं, मग पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. कोपऱ्यात टाकलेल्या डांबरगोळ्याही तशाच विषारी. बरं, एवढं करून शूचा वास पुरता जातही नाही. माणसाला येत नसला तरी पिल्लाच्या नाकाला तो सापडतो आणि ते पुन्हा तिथेच बसतं. प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं. ते वापरा, आणि आधी नीट टिपून घ्या.

हे सगळं नीट असूनही पाच-सहा महिन्यांचा बोका भिंतीवर, पडद्यावर फवारे मारायला लागला, तर तो वयात आलाय. नसबंदी करून घ्या; बहुतेक बोक्यांचं फवारणं त्यानं थांबतं. ‘एवढ्यात कशाला’ म्हणत वर्ष काढलं की मात्र सवय जडते.

एक गोष्ट उद्यावर टाकू नका. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि शू थेंबभरच होतेय किंवा होतच नाही, तर ती बद्धकोष्ठता समजून घरगुती उपाय करत बसू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रात्र असली तरी फोन करून उघडा दवाखाना शोधा आणि त्याला घेऊन निघा.