माल भिवंडीला, पत्ता मस्जिद बंदरला

न्हावा शेव्याला उतरलेल्या कंटेनरला तीन पत्ते असू शकतात. पहिला कस्टम्सकडे भरलेल्या बिल ऑफ एन्ट्रीवरचा. तो आयईसीच्या (आयात-निर्यात संकेतांकाच्या) नोंदीतून येतो, म्हणजे मस्जिद बंदरचा दुसरा मजला, एक टेबल, एक पंखा, लक्ष्मीचं कॅलेंडर. ४० फुटी कंटेनर त्या जिन्यात शिरणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते विचारायचं नसतं. दुसरा पत्ता ई-वे बिलावरचा, भिवंडीच्या गोदामाचा. तोही मालाची किंमत ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर. आणि तिसरा, खरा, ड्रायव्हरच्या फोनवर: "नाक्यावर येऊन मिस कॉल द्या, पोरगा पाठवतो."

सरकारचा जीव पहिल्यावर. २०२१पासून आयईसीधारकाने दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आपली माहिती ऑनलाइन तपासून कळवायची असते. काही बदललं नसेल तर काही बदललं नाही, हेसुद्धा कळवायचं. विसरलात तर आयईसी बंद. थोडक्यात, आपण हललो नाही हे पत्त्याने स्वतःच शपथेवर सांगायचं.

पण पत्ता खरंच तिथे आहे का, हे पाहायचं कुणी? उत्तर तयार आहे: कस्टम्स ब्रोकर परवाना नियमावली २०१८, नियम १०(एन). अशील दिलेल्या पत्त्यावर प्रत्यक्ष कारभार करतो की नाही, याची खात्री विश्वसनीय, स्वतंत्र आणि अस्सल कागदपत्रांवरून ब्रोकरने, म्हणजे क्लिअरिंग एजंटाने, करायची. आयईसी देणार परकीय व्यापार महासंचालनालय (डीजीएफटी), जीएसटीआयएन देणार जीएसटी खातं, आणि आयातदाराने गाशा गुंडाळला की नोटीस क्लिअरिंग एजंटाला. नोटिशीचा मथितार्थ असा: आमच्याच खात्यांनी दिलेल्या कागदांवर तुम्ही विश्वास ठेवलाच कसा?

एजंट हा कागदपत्रं पुढे सरकवणारा माणूस आहे, व्यवहाराचा खरेखोटेपणा तपासणारा निरीक्षक नव्हे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं. पुढच्या वर्षी नवी नियमावली आली. जबाबदारी जिथल्या तिथे.

देशातल्या पत्त्याबद्दल एवढं काटेकोर असलेलं सरकार परदेशी पत्त्याबाबत मात्र दिलदार आहे. ई-इन्व्हॉइसवर परदेशी गिऱ्हाइकाचा राज्य क्रमांक ९६, पिनकोड ९९९९९९. शांघाय, हॅम्बुर्ग, दुबई, सगळे एकाच पोस्टाच्या हद्दीत! पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, ती टपाल खात्यातले आपले कोकणचे संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या डोक्यातून. या पद्धतीत ९ने सुरू होणारा पिनकोड लष्करी टपालाचा. म्हणजे जीएसटीच्या हिशेबाने अवघं जग भारतीय लष्कराच्या टपालात भरती झालं आहे. असा दिग्विजय इतक्या गुपचूप आजवर कुणी केला नसेल.

वेलणकरांनी सहा आकडे जुळवले ते पाकीट माणसापर्यंत पोचावं म्हणून. आता आकडे भरतात ते स्क्रीन पुढच्या पानावर जावी म्हणून. रकाना रिकामा राहिला तर फॉर्म अडतो. भरलेला रकाना खोटा असला तर फॉर्म बिनबोभाट पुढे जातो. मग खोटं बोलण्यापेक्षा गप्प राहण्याचीच भीती जास्त वाटली तर नवल काय?

एक सूचना. पत्ता खरा की खोटा, हे रोज पायी जाऊन पाहणारा सरकारी माणूस या देशात आहेच: पोस्टमन. घरधनी सापडला नाही तर तो पाकिटावर शेरा मारतो आणि परत पाठवतो. पत्र टाकणाऱ्याचा परवाना रद्द करत नाही. १०(एन) त्याच्याकडे द्या. अडचण एकच: तो मस्जिद बंदरला जाईल, बंद शटर पाहील आणि जे पाहिलं तेच लिहील. असा कागद कोणत्या रकान्यात ठेवायचा, हे आधी ठरवावं लागेल.