फोडणीतले वाटेकरी

कढीपत्ता खरोखर खाणारा जीव आमच्या घरात एकच निघाला आणि तो कुंडीत राहतो. बाकी आम्ही सगळे पोह्यांतून, आमटीतून, चिवड्यातून तो शोधून काढतो आणि ताटाच्या कडेला लावतो. वडिलांची त्यात शिस्त असे: सगळे देठ एका दिशेला. जेवण झालं की आई ती रांग बघून म्हणायची, "धुऊन ठेवते, उद्याच्या ताकाला होतील." पण कढीपत्त्यावाचून फोडणी पडली, तर आज आमटीला चव नाही, हे सांगायला हेच लोक पुढे. खायचा नाही आणि सोडायचाही नाही, असं भाग्य दुसऱ्या कुठल्या पाल्याला नाही. शिवाय तो विकत घ्यायचा नसतो. कोथिंबिरीच्या जुडीवर भाजीवालीनं आपण होऊन टाकायचा असतो आणि आपण "थोडा अजून" म्हणायचं असतं. परवा आमच्या भाजीवालीनं त्याचे वेगळे दहा रुपये मागितले. सोन्याच्या भावानं मी हललो नव्हतो. त्या दिवशी मात्र महागाई खरी वाटली आणि मी गच्चीत रोप लावलं. फुकटच्या कढीपत्त्यावर मी आणखी दोन पानं लिहू शकतो, पण अळ्या तोवर थांबणार नाहीत.

कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. त्यामुळे कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय या दोन्ही फुलपाखरांना तो चालतो. मादी येते, पुढच्या पायांनी पान थापटून चव घेते, पसंत पडलं तर फिकट पिवळं, वाटोळं अंडं चिकटवते आणि पुढच्या पानाकडे जाते. थोड्याच दिवसांत अळी निघते. आधी स्वतःच्या अंड्याचं कवच खाते, मग माझा कढीपत्ता. लहानपणी तिचं रूप हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखं: तपकिरी, मध्ये पांढुरका पट्टा. कुणी आपल्याकडे बघू नये म्हणून इतक्या थराला जाणारा जीव आजच्या काळात विरळाच. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते आणि डिवचलीत तर डोक्यामागून लालसर दुबेळकं बाहेर काढून उग्र वास सोडते.

मी डिवचत नाही. मी सहजीवनवादी आहे. गच्चीत औषध फवारणार नाही, हे मी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर केलं आणि अंगठे मोजत बसलो. 2015 साली महाराष्ट्रानं ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळावर वाढतात. म्हणजे एखादे दिवशी आपल्याकडे सरकारी पाहुणा उतरणार, या आशेवर मी मोबाइल चार्ज ठेवू लागलो. तो अजून आलेला नाही. जे आले त्यांच्याशी मी मनातल्या मनात वाटणी केली: वरचा पाला त्यांचा, खालचा आमचा. पण अळीलाही फोडणीसारखीच कोवळी पानं लागतात. झाडाच्या काड्या राहिल्यावर मी उरलेल्या अळ्या पानासकट उचलल्या आणि अंधार पडल्यावर फाटकाजवळच्या सार्वजनिक कढीपत्त्यावर नेऊन सोडल्या. दया वैयक्तिक, खर्च सोसायटीचा.

त्याच आठवड्यात वांग्याचा शेंडा मान टाकून सुकला. आत शेंडा पोखरणारी अळी. तो शेंडा मी मोडला आणि साबणाच्या पाण्यात बुडवला. हात थरथरला नाही, फोटोही काढला नाही. बायको बघत होती. "हिचं काय होतं पुढं?" तिनं विचारलं. पांढुरका, बारकासा पतंग होतो, मी म्हणालो. "अस्सं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या 'अस्सं'चा राग मला अजून आहे. कारण ते बरोबर होतं. दया करायच्या आधी मी पुढचे पंख बघून घेतो.

श्रीगोंद्याला माझा आतेभाऊ कागदी लिंबाची रोपं करून विकतो. त्यालाही मी फोनवर सहजीवन समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, तुझं एक झाड. माझं रोप वीतभर. दोन अळ्यांनी ते बोडकं केलं, तर गिऱ्हाईक हात लावत नाही." मग फवारतोस? तर म्हणे फार झाल्या तर फवारावंच लागतं, एरवी पोराला घेऊन संध्याकाळी वेचतो. आणि वेचलेल्या? "बांधावर आज्याच्या हातचं लिंबू आहे, त्याच्यावर टाकतो. एवढ्या मोठ्या झाडाला काय होतंय."

रोपं विकून पोट भरणारा माणूस दिवसभर राबून अळ्यांना बांधावर पोहोचवतो आणि हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्यानं कुठल्याच ग्रुपवर टाकलं नव्हतं.

"अरे, हे लोकांना कळायला पाहिजे," मी म्हणालो. "मी टाकू का आमच्या ग्रुपवर? तुझ्या नावानिशी?"

"नको दादा," तो घाईघाईनं म्हणाला. "उद्या माणसं आपापल्या अळ्या आणून माझ्याच बांधावर सोडायची."