फोन उभा की आडवा : नवशिक्यांसाठी नाहूर पद्धत

साहित्य : एक फोन (जुना चालेल, दोन-चारदा आपटलेला असेल तर उत्तम), एक टेबल, एक पलंग, नाहूर स्टेशनचा प्लॅटफॉर्म आणि भरपूर वेळ. वेळेची काळजी नको. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये 2006 साली सुरू झालेल्या या स्टेशनात फक्त स्लो गाड्या थांबतात. फास्ट गाडी समोरून धडधडत जाताना बघणे हा इथल्या प्रवाशाचा नित्यनेम आहे, आणि तेवढ्या वेळात एखादं ॲप सहज लिहून होतं.

ॲप लिहायला बसलेल्या प्रत्येकाची पहिल्या आठवड्यात समजूत असते की फोन उभा आहे की आडवा हे फोनलाच विचारावं, तो सांगेल. तो सांगतोही. फक्त तुम्ही विचारता एक आणि तो सांगतो भलतंच. ही मार्गदर्शिका त्या भलत्याविषयी आहे.

कृती पहिली. फोन टेबलावर उताणा ठेवा आणि अ‍ॅक्सेलरोमीटरचे आकडे वाचा. आकडे तीन येतात. एक्स म्हणजे स्क्रीनच्या उजवीकडे, वाय म्हणजे स्क्रीनच्या माथ्याकडे, झेड म्हणजे स्क्रीनमधून थेट तुमच्या नाकाकडे. आता एक्स शून्याच्या आसपास, वाय शून्याच्या आसपास आणि झेड 9.8. इथे हुशार विद्यार्थी हात वर करतो : फोन तर गपगार पडलाय, मग हा त्वरण कसलं दाखवतो? आतमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. तो किती सरकला यावरून हे आकडे निघतात. टेबल फोनला खालून रेटतंय आणि तुकड्याला तेवढंच कळतं. म्हणजे फोनला पृथ्वी दिसत नाही, टेबलाचा रेटा जाणवतो. खात्री करायची असेल तर फोन हातातून सोडा. छातीच्या उंचीवरून जमिनीवर यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो आणि त्या अर्ध्या सेकंदात तिन्ही आकडे शून्याशी येतात. प्रयोग शेजाऱ्याच्या फोनवर करावा.

फोन उताणा असताना तो उभा आहे की आडवा, या प्रश्नाला उत्तरच नाही. अँड्रॉइडचा ओरिएंटेशन लिसनर अशा वेळी प्रामाणिकपणे उणे एक देतो, म्हणजे 'ठाऊक नाही'. नवशिक्या प्रोग्रामर हा उणे एक, अंश समजून पुढच्या गणितात घालतो आणि मग टेबलावरचा फोन आपोआप का वळला म्हणून रात्रभर जागतो.

कृती दुसरी. फोन उभा धरा. आता 9.8 वायकडे आला. डावीकडे आडवा करा, 9.8 एक्सकडे गेला. सोपं आहे असं वाटून तुम्ही लिहाल : 45 अंशांच्या अलीकडे उभा, पलीकडे आडवा. हे लिहा, फोन 45 अंशांच्या आसपास धरा आणि मजा बघा. हात कुणाचाच स्थिर नसतो, त्यामुळे स्क्रीन उभी-आडवी, उभी-आडवी अशी फुगडी घालू लागते.

यावरचा इलाज समजायला नाहूरकर व्हावं लागतं. नाहूरचा माणूस बोरिवलीकराला 'मुलुंडला राहतो' म्हणून सांगतो आणि भांडुपकडून येणाऱ्या पाहुण्याला 'भांडुपच्या पुढेच' म्हणून. पण एकदा एका माणसाला मुलुंड सांगितलं की त्याच्यापुरतं मुलुंडच. पुढच्या भेटीत सबळ कारण असल्याशिवाय तो भांडुपवर येत नाही. अँड्रॉइडच्या मूळ कोडमध्ये नेमकं हेच केलेलं आहे. उभ्याचा आडवा व्हायला 45 अंश पुरत नाहीत, साधारण 67 अंश लागतात; आणि परत उभं व्हायचं तर उलट बाजूने तेवढंच. मधल्या पट्ट्यात फोन आधी जे म्हणाला होता त्यालाच धरून राहतो. शिवाय टेबलावरून उचलल्या-उचलल्या अर्धा सेकंद तो काही निर्णयच घेत नाही, कारण उचलताना हात कुठूनही कुठे जातो. हा अर्धा सेकंद ज्याने घातला त्याला मी ओळखत नाही, पण त्याच्या घरात लहान मूल असणार.

कृती तिसरी. आता लोकलमध्ये चढा. गाडी सुटताना ती दर सेकंदाला साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद या गतीने वेग घेते. हा रेटा गुरुत्वाच्या रेट्यात मिसळतो आणि फोनच्या मते 'खाली' ही दिशा तीनेक अंशांनी मागच्या डब्याकडे सरकते. नाहूर सोडताना तुमच्या फोनचा ठाम समज असतो की अख्खी मध्य रेल्वे चढाला लागली आहे. मुलुंडला ब्रेक लागले की उतार सुरू. उभा-आडवा ठरवायला तीन अंशांनी बिघडत नाही, पण पाणसळीचं ॲप लिहिणाऱ्याने ते लोकलमध्ये तपासू नये.

हा घोळ निस्तरायला फोनमध्ये जायरोस्कोप असतो. फोन किती झपाट्याने वळतोय ते तो झकास सांगतो. कुठे येऊन थांबला ते बेरजा करून काढावं लागतं आणि बेरजेतली चूक साचत जाते. म्हणून थोडा भरवसा याच्यावर, थोडा त्याच्यावर अशी सांगड घालतात. ती सांगड स्वतः घालू नका. रोटेशन व्हेक्टर नावाचा तयार माल मिळतो, तो घ्या.

कृती चौथी. उभा-आडवा कळला, पण तोंड कुठे आहे? फोन ठाण्याकडे बघतोय की घाटकोपरकडे, हे गुरुत्वावरून कळणं शक्य नाही. त्यासाठी मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्र. मुंबईत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र चाळीसेक मायक्रोटेस्ला भरतं, आणि खरी उत्तर व चुंबकीय उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. इतकी सोय निसर्गाने करून ठेवली आहे. उरलेली गैरसोय माणसाने केली : रूळ, खांब, पत्र्याचं छप्पर, शेजारून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा पूल, आणि तुमच्या फोनच्या झाकणातलं ते चुंबक. प्लॅटफॉर्मवर उभं राहून होकायंत्र उघडा. उत्तर दिशा जिन्याकडून सरकत तिकीट खिडकीकडे जाईल. मग ॲप सांगेल, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. फिरवा. बाकावरच्या मावशींना वाटेल तुम्ही फास्ट गाडीची दृष्ट काढताय, आणि त्यांना ते पटेलही.

या बाबतीत आपली परंपरा मोठी आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होत असे. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा प्रवाह जमिनीत उतरणार आणि नाजूक सुया थरथरणार, हे तिथले संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी ओळखलं. त्यांनी ट्रामविरुद्ध मोर्चा नेला नाही. अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, बांधकामात चुंबकीय सामान येणार नाही अशी खबरदारी घेतली आणि 1904 ते 1906 दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी ठेवून जुने आकडे नव्यांशी जुळवून दिले. विजेची ट्राम धावली 1907 साली. अलिबागची मोजणी आजही चालू आहे, पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे तिचा कारभार आहे. सेन्सरला त्रास होणार हे कळल्यावर सेन्सर घेऊन समुद्रापलीकडे जाणारा माणूस या मुंबईत होऊन गेला. आपल्याला फक्त फोनचं झाकण काढायचं आहे, तेही आपण काढत नाही.

कृती पाचवी, डावं-उजवं. इथे डोकं चालवू नये. आयफोनमध्ये फोनचं 'लँडस्केप लेफ्ट' असतं तेव्हा पडद्याचं 'लँडस्केप राइट' असतं. फोन एकीकडे वळला की मजकूर उलटीकडे वळवावा लागतो म्हणून. अँड्रॉइडमध्ये फोन घड्याळाच्या उलट दिशेने आडवा केला की लिसनर म्हणतो 270 आणि डिस्प्ले म्हणतो 90. दोघेही खरं बोलतात. कागदावर चित्र काढा, कागद भिंतीला चिकटवा, आणि कुणी विचारलं तर चित्राकडे बोट दाखवा.

कृती सहावी महत्त्वाची. नाहूर-भांडुप-मुलुंड पट्ट्यात वीज महावितरणची आणि तिचा ग्राहक क्रमांक 12 आकडी. समजा तुम्ही बिलांची नोंद ठेवणारं ॲप केलंत. एक बाई भर गर्दीत, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो क्रमांक टाकतेय. दहा आकडे झाले. भांडुपला धक्का बसला, मनगट वळलं, स्क्रीन आडवी झाली. तुम्ही काही सोय केली नसेल तर अँड्रॉइड अशा वेळी चालू पान सरळ मोडतो आणि पहिल्यापासून नवं बांधतो. पानातल्या तुमच्या चलांमध्ये जपलेला मजकूर त्या पानाबरोबर गेला. बाईला एवढंच दिसतं की रकाना कोरा आहे. ती अकरावा आकडा टाकणार नाही, ती तुमचं ॲप काढून टाकेल. फोन वळला हे ओळखणं हे अर्धं काम. वळण्याआधी जे हातात होतं ते जपून ठेवणं हे उरलेलं अर्धं, आणि पगार त्याचाच मिळतो.

कृती सातवी. आता पलंगावर कुशीवर आडवे व्हा, फोन तोंडासमोर धरा. तुमच्या डोळ्यांना फोन उभा आहे. फोनच्या मते तो आडवा आहे. भांडण कोण जिंकतं ते तुम्हाला रोज रात्री माहीत आहे. इतका वेळ आपण फोनला विचारत होतो 'तू कसा आहेस', आणि वाचणाऱ्याला हवं होतं 'मी कसा आहे'. अ‍ॅक्सेलरोमीटरला पृथ्वी ठाऊक आहे, मान ठाऊक नाही. काही पिक्सेल फोनमध्ये अँड्रॉइड 12 पासून पुढचा कॅमेरा चेहरा कुठल्या बाजूला आहे ते बघून ठरवतो. उपाय बरा आहे, पण अंधारात पांघरुणाखाली कॅमेऱ्याला चेहरा दिसायला तर हवा. बाकी जनतेने आपला उपाय केव्हाच शोधला : ऑटो-रोटेट बंद. डब्यात चार जणांना विचारून बघा.

आणि म्हणूनच शेवटचं. ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये स्क्रीन कशी वळावी ते लिहिण्याचा एक रकाना असतो. तिथे 'सेन्सर' लिहिलंत तर माणसाने बंद केलेलं ऑटो-रोटेट झुगारून तुमचं ॲप त्याच्या हातात गरागरा फिरेल. 'युजर' लिहिलंत तर त्याने लावलेलं कुलूप तुमचं ॲप मानेल. व्हिडिओसाठी आडवी स्क्रीन हवी असेल तर कोपऱ्यात एक बटण द्या, ज्याला हवं तो दाबेल. तेव्हा नवशिक्यांनो, 'युजर' लिहा.